लासुर्ण्याच्या नाक्यावरची रसवंती

२ जानेवारी १९५८, गुरुवार
साखर कारखान्यातली टाइमकीपरची नोकरी सोडली. साहेबांनी कारण विचारलं. दुसऱ्यांच्या वेळा लिहिण्यात माझी वेळ चालली आहे, असं ठणकावून सांगणार होतो. प्रकृती बरी नसते, असं लिहून दिलं.
आजपासून स्वतंत्र धंदा. नाक्यावरची बाभळीखालची जागा सोसायटीने मला द्यायचं कबूल केलं आहे. चेअरमन आबासाहेबांची अट एकच. पाडव्यापर्यंत तिथं धंदा चालू दिसला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. पाडवा २१ मार्चला. अकरा आठवडे आहेत. हुशार माणसाला दोन पुरे.
मंडळींनी विचारलं, कसला धंदा? म्हटलं, ते उद्या ठरवू.

५ जानेवारी
ठरलं नाही. यादी केली. साबण: हाताची आग होते. भाड्याच्या सायकली: लोक परत आणणार नाहीत. छापखाना: फार उत्तम, पण छापायचं काय?
मंडळी म्हणाली, "उसाच्या गाड्या दिसदिसभर गेटाम्होरं लायनीत उभ्या असत्यात. गाडीवानास्नी भाकरी-कालवण घाला की." हिला समजावलं की ही कल्पना नव्हे, स्वयंपाक आहे.

९ जानेवारी, गुरुवार
बारामतीचा बाजार. मार्केटचा अभ्यास करायला गेलो. चार चहा झाले, कल्पना नाही. पाचव्याच्या ऐवजी रस प्यायलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस येतो, उभ्या उभ्या रस पितो, पैसे टाकतो, जातो. उधारी नाही, बसायला बाकडं नको. त्या रसवंतीवाल्याला ऊस लांबून आणावा लागतो. आमच्याकडे दारात, बांधात, रस्त्यात ऊसच ऊस. इतक्या उसाच्या गावात आजवर एकालाही रसवंती कशी सुचली नाही, याचं नवल वाटतं.

२० जानेवारी
इंदापूरहून जुना लोखंडी चरक आणला. त्यासाठी मंडळींच्या दोन्ही शेळ्या विकल्या. ती कालपासून बोलत नाही. धंद्यात सुरुवातीला शांतता असलेली बरी.
ऊस आपल्याच वीस गुंठ्यांतला.

२८ जानेवारी
पाटी रंगवून घेतली. पेंटरने विचारलं, भाव काय लिहू? एक आणा म्हटलं. तो म्हणाला, आता नवे पैसे आलेत, सहा लिहा. सहा लिहिलं तर आण्याला पाव पैसा कमी पडतो. सात लिहिलं तर लोक लुबाडतो म्हणतील. तासभर विचार केला. त्याला म्हटलं, भावाची जागा कोरी ठेव, नीट ठरवून सांगतो.

२ फेब्रुवारी, रविवार
उद्घाटन. चरकाला घुंगरू बांधले. गर्दी अफाट. पहिला ग्लास चुलतभाऊ सावळारामला. पहिल्या दिवशी पैशाचं बोलू नये, म्हणून बोललो नाही. चाळीस ग्लास गेले. मागणी सिद्ध झाली.

३ फेब्रुवारी
सावळाराम पुन्हा आला. दोन ग्लास झाल्यावर हसत हसत पैशाचं काढलं. तो माझ्यापेक्षा जास्त हसला. म्हणाला, "उसाच्या गावात रसाचं पैसं मागणारा अजून जन्माला यायचा हाय. गुऱ्हाळावर आलेला वाटसरू तरी कुणी कोरडा धाडतो व्हय?" मग माझ्या पाठीवर थाप मारली. मीही हसलो. भाऊबंद सोडून द्यावेत. खरं गिऱ्हाईक गाडीवान.

११ फेब्रुवारी
गाडीवान स्वतःच्या गाडीतला ऊस उपसून आणतात आणि म्हणतात, नुसता पिळून द्या. पिळायचे पैसे कसे मागावेत? ऊस त्यांचा, हात माझे. हातही बहुतेक वेळा मंडळींचेच असतात.

१९ फेब्रुवारी
आज निर्धार केला होता. एका पांढऱ्या मिशीच्या गाडीवानाला ग्लास देताना तोंड उघडलं. तोच तो म्हणाला, "तुमी शेळगावच्या अप्पांचं जावई न्हवं का? आमच्या आळीतली लेक दिलीया तुमास्नी." झालं. सासुरवाडीच्या माणसाकडे पैसे मागून तोंड कुठं लपवू? त्याने ग्लास घासून उपडा ठेवला आणि मागच्या बारा गाड्यांना ओरडून सांगितलं की आपलं जावई हितं हायती. बाराच्या बारा आले.

२ मार्च
पलीकडे सरुबाई नावाच्या बाईने चूल मांडली आहे. झुणका-भाकर. तिची माणसं जेवून माझ्याकडे रस प्यायला येतात. थोडक्यात, तिचा धंदा माझ्यामुळे चालतो. मंडळींना हे दाखवलं. ती चरकाचा दांडा फिरवत होती. खांदा बांधलेला. म्हणाली, "निम्मा फड पिऊन झाला. आता तरी मागा." म्हटलं, आधी नाव, मग दाम.

१२ मार्च
आज हात जोडून मागणार होतो. सकाळी आरशासमोर तालीमही केली. एक तहानलेलं माणूस समोर आलं आणि मी ग्लास काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला. मला लाज वाटते. इथं लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही. घाम गाळणाऱ्याच्या हातात रस देऊन दुसरा हात पुढे करायची मला लाज वाटते.
पण पाडव्यानंतर भाव लावणारच. एकदा जागा नावावर झाली की माणूस आपोआप कठोर होतो.

२० मार्च, दुपारी
कमिटी पाहणीला आली. आबासाहेब आणि दोन मेंबर. सगळ्यांना दोन दोन ग्लास दिले. नाक्यावर तोबा गर्दी होती, धंदा डोळ्यांत भरत होता. आबासाहेबांनी भोवतालच्या लोकांकडे चौकशी केली, पाटीवरची भावाची कोरी जागा पाहिली, मग बाजूला उभे राहून मेंबरांशी बोलले. जाताना डोळे पुसत होते. जागा मिळाली असं समजायला हरकत नाही. मंडळींना पुरणाची डाळ भिजत घालायला सांगितली.

२१ मार्च, पाडवा
सोसायटीसमोर सभा. माझं नाव पुकारलं. आबासाहेब म्हणाले, "महिपतरावास्नी आमी वळखलंच न्हाय. आमी म्हणत हुतो, धंदा करणार. ह्या माणसानं नोकरी सोडली, शेळ्या इकल्या, उभा फड लोकांच्या मुखात घातला, आन् कुणाकडनं एक पैका घेतला न्हाय." टाळ्या झाल्या. सावळारामने सगळ्यांत जोरात वाजवल्या. म्हणून ठराव असा, की बाभळीखालची जागा कायमची पाणपोईसाठी राखून ठेवावी, तिथं कुणीही कसलीही विक्री करू नये, आणि पाणपोईचे सेवक महिपतराव.
माझ्या गळ्यात हार घातला. दोन शब्द बोला म्हणाले. खरं सांगायची हीच वेळ होती. मंडळी बायकांत बसली होती, माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी उठलो आणि सर्वांचे आभार मानले.
घरी आल्यावर तिने ताटात पुरणपोळी वाढली. स्वतः जेवली नाही. 

२४ मार्च
मंडळी आता रोज सकाळी सरुबाईकडे भाकऱ्या थापायला जाते. मी सहाला विहिरीवरून रांजण भरतो. लोक रामराम घालतात.
आज शेळगावचा एक गाडीवान पाणी पिऊन उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बंडीच्या खिशात हात घातला. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, राहू द्या, राहू द्या, पैसे कसले. त्याने खिशातून तंबाखूची पिशवी काढली आणि चुना आहे का विचारलं.