कॅटलॉगबरहुकूम

५ मे २००७, शनिवार. ट्रॉय, मिशिगन.
आज जुनी कॅरॅव्हॅन घेतली. इथे ट्रेलर म्हणतात. ‘मेडोलार्क’, कागदपत्रांवर १९५३. एका कोठारात कोंबड्यांच्या सहवासात होती. माझ्या संशोधनानुसार जगात चार उरल्यात. व्हिंटेज क्लबचं ‘अस्सल’ प्रमाणपत्र मिळवायचं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात काम पूर्ण. सहा दिवस बफर धरलाय, लागणार नाही.
माझ्या अपार्टमेंटला गॅरेज नाही, म्हणून शशिकांतकाकांकडे ठेवली. ते आणि रत्नाकाकू आईच्या ओळखीचे, नागपूरचे. काकू म्हणाल्या, अगं गिरिजा, तुझ्या वयाच्या मुली घर बघतात, तू हे खुराडं काय आणलंस? वाद घालायला दोन्हीकडे माहिती लागते.

१० जून, रविवार.
मेडोलार्क कंपनीचा १९५४चा कॅटलॉग मिळाला. १९५३चा कुठेच नाही. एका वर्षात काय बदलणार? मोजमापं घेतली. एकही जुळत नाही. कपाट ११ मिलिमीटर वाकडं, ओटा बुटका, खिडकी भलत्याच बाजूला. निष्कर्ष: मधल्या कुणा अडाणी मालकाने लुडबुड केली. सगळं कॅटलॉगबरहुकूम करणार.

१४ जुलै, शनिवार.
जुनं लाकूड सगळं काढलं. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलच्या रेघा, शेजारी तारखा. कुणा कार्ट्याचे उद्योग. कचऱ्यात. काका म्हणाले, एखादी तरी वस्तू जुनी राहू दे. काका दातांचे डॉक्टर. किडलेलं काढायचं असतं हे त्यांना तरी कळायला हवं.
काकू म्हणाल्या, तुझं स्थळांचंही असंच, हातात कॅटलॉग आणि प्रत्येक मुलगा ११ मिलिमीटर वाकडा. शंतनूला नाही म्हटल्याचं यांना कुणी सांगितलं?

१ सप्टेंबर, शनिवार.
बफर संपला. तो त्यासाठीच असतो.

८ सप्टेंबर, शनिवार.
काम पूर्ण. कमाल चूक अर्धा मिलिमीटर.
तपासणीला क्लब मिसेस हार्लनना पाठवणार. कंपनी काढणाऱ्या माणसाची मुलगी. आज त्यांचं पत्र आलं. १९५३मध्ये मेडोलार्क एकच झाली. कंपनी नंतरची. ही पहिली वडिलांनी घरी, हाताने, अंदाजाने बांधली. कपाटाच्या दारामागे ते दर उन्हाळ्यात मिसेस हार्लनची आणि त्यांच्या भावाची, टॉमची, उंची पेन्सिलीने नोंदवायचे. टॉम लहानपणीच गेला. त्याच्या रेघा त्यांना पुन्हा बघायच्या आहेत. २२ला येतायत.
पत्र सहा वेळा वाचलं. संशोधन बरोबर होतं. कॅरॅव्हॅन चुकीची होती.
कचऱ्याची गाडी १६ जुलैलाच येऊन गेली.

१५ सप्टेंबर, शनिवार. गणेशचतुर्थी.
काकूंकडे गणपती. आरतीत कापूर पडला म्हणून वाकले. दोन स्टुलांवर फळी, फळीवर गणपती, आणि फळीला बिजागरीची भोकं, खालच्या अंगाला पेन्सिलच्या रेघा.
काकूंनी दार जुलैमध्येच कचऱ्यातून उचललं होतं. म्हणे, इतकं चांगलं लाकूड टाकायचं, मस्तीच ही! मी फळी मागितली. त्या म्हणाल्या, बसलेला देव विसर्जनापर्यंत हलत नाही, पंचवीसला घे. मी म्हटलं, दोनच मिनिटं, लेव्हल लावून उचलते. त्या म्हणाल्या, प्राणप्रतिष्ठा झालीय बाई, माझ्या बाप्पाला जॅक लावायचा नाही.
मी धार्मिक नाही. तरी उचलला नाही. कारण तांत्रिक: मूर्ती शाडूची, तोल नाजूक.

२२ सप्टेंबर, शनिवार.
मिसेस हार्लन आल्या. कॅरॅव्हॅनमध्ये चार मिनिटं थांबल्या. फार चकचकीत आहे, म्हणाल्या. मग दाराचं विचारलं.
काकूंनी त्यांना चपला काढायला लावल्या आणि गणपतीखाली सतरंजी घातली. त्या काकांचा टॉर्च घेऊन आडव्या झाल्या. तेवीस मिनिटं. मग आतूनच मला हाक मारली: टॉम माझ्यापेक्षा किती उंच होता, मोजशील का? मी शेजारी सरकले. शेवटच्या दोन रेघांमध्ये ३८ मिलिमीटर. तीनदा मोजावं लागलं. टॉर्च नीट नव्हता.
बाहेर येऊन त्यांनी पाच मोदक खाल्ले आणि क्लबचा फॉर्म भरला: ‘दार अस्सल, १९५३. उरलेला ट्रेलर २००७, उत्तम स्थितीत.’
दार विसर्जनानंतर त्यांच्याकडे जाईल. मी हो म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं.
त्या गेल्यावर काकूंनी विसर्जनासाठी कॅरॅव्हॅन मागितली. म्हणाल्या, कोरी करकरीत आहे, देवाला चालेल.
उद्या टायरमधली हवा बघायची.