उलव्याच्या हॉलसाठी आवाज

उलवे, सेक्टर १९
१२ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,
अरुणाचा सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टापायी पत्र लिहिते आहे. फोन केला की तू तो वहिनीच्या हातात देतोस, आणि वहिनी म्हणते, त्यांनी पत्र टाकायला सांगितलंय. शेजारच्या अक्षताने मला कागदावर लिहिताना पाहिलं आणि विचारलं की हे बँकेचं काही आहे का. जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाने फोनला एवढं भ्यावं, हे काही मला पटत नाही.

काम असं आहे. हे एकतीस मार्चला रिटायर होतात. तुर्भ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं शिफ्ट केल्या, त्यात एकही सिनेमा अख्खा पाहिला नाही. मध्यंतरानंतर डोळा लागतोच. आता म्हणतात, घरात एक चांगला टीव्ही हवा आणि त्याला साजेसा आवाज. बजेट सत्तर हजार, त्यावर काही नाही. आमच्या पार्थने यादी केली आहे: पंचाहत्तर इंची टीव्ही, सात स्पीकर आणि स्टुलाएवढा एक सबवूफर. हॉल आमचा दहा बाय सोळा. सगळं आलं की आम्ही तिघं बाल्कनीत बसू.

तू ये आणि ऐकून निवड. रहिमतपुरात लोक खरखरणारा रेडिओ घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचे आणि तू आतूनच, न बघता, कुठला भाग गेलाय ते सांगायचास. तसला कान आमच्यात कुणालाच नाही. पार्थला तर मोठ्याने वाजलं की चांगलं वाटतं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, पण तो पत्रातूनच मोजू नकोस.

तुझी
अरुणा

रहिमतपूर
२० जानेवारी २०२६

चि. सौ. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, मुंग्या साखरेकडे निघाल्यासारखं.

सोफ्यापासून टीव्हीची भिंत किती लांब ते मोज. साडेसात-आठ फूट असेल तर पंचावन्न इंच भरपूर झाले. पंचाहत्तर इंची घेतलास तर बातम्या देणाऱ्या बाईच्या मांडीवर बसल्यासारखं होईल. दुकानात टीव्ही नवरदेवासारखे नटवून ठेवलेले असतात. तिथे समुद्र आणि पोपट बघू नकोस. माणसाचा चेहरा लावायला सांग आणि तो माणसाच्या रंगाचा दिसतो का ते बघ.

आता आवाज. हल्लीच्या टीव्हीला जाडी नाही, म्हणून आवाजाला जागा नाही. आतले स्पीकर खाली नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसवतात, मग नट पुटपुटल्यासारखे वाटतात आणि आपण आवाज वाढवत बसतो. तेव्हा टीव्ही थोडा साधा घे आणि वाचेल ते आवाजात घाल. सात स्पीकर नकोत. दोन चांगले आणि एक छोटा अॅम्प्लिफायर. सबवूफर घेतलास तर खालच्या मजल्यावरची भांडी पडतील आणि सोसायटीची नोटीस येईल. वायर सोन्याचा मुलामा दिलेली घ्या म्हणतील. साधी तांब्याची पुरते.

ऐकताना आधी माणसाचं बोलणं ऐक. गाणं कशावरही बरं वाटतं. बोलण्यातला ‘स’ आणि ‘श’ वेगळा कळला तर स्पीकर खरा.

माझं येणं काही जमेलसं दिसत नाही. दुकान सोडवत नाही, गिऱ्हाईक असतं. ऐकून निवडायला तू समर्थ आहेस. लहानपणी मी दोन खोल्या पलीकडे तुझ्या नावाने काही बोललो तरी तुला ऐकू जायचं.

नंदकिशोरराव पाहुण्यांना नमस्कार, पार्थला आशीर्वाद. आहे तेवढा लोभ जपून वापर.

तुझा
हौसेरावदादा

उलवे
३ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी आम्ही वाशीला जाऊन आलो. दुकानातल्या मितेश नावाच्या मुलाने मला पाय वर उचलणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि अंगावर हेलिकॉप्टर सोडलं. मी म्हटलं, बातम्या लाव. त्याला वाटलं मी थट्टा करते. सात स्पीकरांवर बातम्या कोण ऐकतं, असं त्याचं म्हणणं. हे मात्र खुर्चीत डोळे मिटून पडले होते. मितेशला वाटलं, सर तल्लीन झाले. मला माहीत होतं, सर झोपले.

टीव्ही ठरला, पंचावन्न इंची. पार्थ दोन दिवस रुसला आणि मग स्वतःच भिंतीवर कागद चिकटवून म्हणाला, बरोबर आहे. स्पीकरच्या मात्र दोन जोड्यांवर गाडं अडलंय. किंमत जवळपास सारखी. मला दोन्हींत ‘स’ आणि ‘श’ कळतो. पुढचं तू सांग. पार्थने दोन्हींचे व्हिडिओ काढून वहिनीच्या फोनवर पाठवले आहेत. मोबाइलमधून सगळं कळणार नाही हे मलाही माहीत आहे, पण तुझ्या कानाला एवढं पुरेल.

एक तक्रार आहे. पार्थने तुला तीनदा फोन केला आणि तू एकदाही घेतला नाहीस. मामाला भाच्यासाठी पाच मिनिटं नसावीत? त्याला वाईट वाटलं. मलाही राग आला, पण तो पत्रात मावत नाही.

तरी लोभ शाबूत आहे.

अरुणा

रहिमतपूर
११ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही व्हिडिओ ऐकले. पहिला घे. आवाज भरीव आहे, बोलणं स्वच्छ. दुसरा जरा चिरका, वरच्या पट्टीत ओरडतो. डोळे मिटून पहिला घे आणि मितेशला सांग की बातम्या ऐकणारं गिऱ्हाईक जास्त पक्कं असतं.

पार्थला म्हणावं, मामा कामात होता. त्याच्यावर राग नाही. तुझा राग मावत नसेल तर पुढच्या वेळी मोठा कागद घे.

सगळ्यांवर माझी माया आहे, पावती पाठव.

हौसेरावदादा

रहिमतपूर
१९ फेब्रुवारी २०२६

सौ. अरुणा वन्सं यांस,
गोजराचा नमस्कार.

काल तुम्ही फोनवर विचारलं, पार्थचा पहिला व्हिडिओ मुकाच हुता, त्यात आवाज आलाच नव्हता, मग दादांनी त्याला भरीव कसं म्हटलं. मी हो-हो करून फोन ठेवला. हे समोर बसलेले. कानानं ऐकत न्हाईत, पन माझं तोंड बघून सगळं वळखत्यात. म्हणून लिहिते.

वन्सं, ह्यांना ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. आधी फोनवरचं कळंना, मग बाजारातलं, आता घरातलं. दीड वरीस झालं दुकानाचं कुलूप निघालेलं न्हाई. रोज सकाळी किल्ली घेऊन जात्यात, पायरीवर बसून पेपर वाचत्यात आन बाराला परत येत्यात. तुम्हाला सांगायचं न्हाई असा माझ्याकडनं शब्द घेतला हुता. तो आज मोडला.

ते व्हिडिओ त्यांनी पाच-सहा डाव लावले. फोन ह्या कानाला धरला, त्या कानाला धरला. मग नुसतंच चित्राकडं बघत बसले. पयला स्पीकर मोठा दिसतो, तेवढ्यावरनं तुम्हाला लिहिलं.

डॉक्टरचं काढलं की म्हणत्यात, बिघडलेला कारागीर गावाला कशाला दाखवायचा. मी मोठ्यानं बोलले की रागवत्यात, हळू बोलले की कळत न्हाई. म्हणून मी आता बोलायचंच कमी केलंय. त्याचं तेवढं वाईट वाटतं.

तुमचा जीव आहे आमच्यावर, म्हणून सांगितलं. काय करायचं ते तुम्हीच करा.

गोजरा

उलवे
२४ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

आडवळणं न घेता लिहिते. पहिल्या व्हिडिओत आवाज नव्हता. तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि पार्थने तो व्हिडिओ लावला. आधी आम्ही हसलो, खोटं कशाला सांगू. मग पार्थने व्हिडिओ बंद केला. वहिनीला काही बोलू नकोस. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, आणि तिने सांगायला हवंच होतं.

चार वर्षं तू फोन घेत नाहीस म्हणून मी मनात अढी धरली. दादाला आता बहीण जड झाली, असं अक्षतापाशीही बोलून बसले. तुला नुसतं ऐकू येत नव्हतं, हे मला सुचलंसुद्धा नाही. तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचास, सेट कधीपासून असा वाजतो? तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही. याची शिक्षा काय ती दे.

पण तुलाही सोडत नाही. मुक्या स्पीकरला भरीव म्हणणारा तू आमच्या खानदानातला पहिलाच कारागीर. बरं झालं मी पैसे भरले नव्हते.

वाशीला कान तपासण्याची चांगली जागा आहे. मी वेळ घेतली आहे, तीस मार्चची. यांना सगळं सांगितलं. हे फार बोलत नाहीत ते तुला माहीत आहे. एवढंच म्हणाले, “दादा येऊन बसल्याशिवाय या हॉलात एक वायरही येणार नाही.” म्हणजे तू आला नाहीस तर रिटायर झालेला नवरा भिंत बघत बसेल आणि त्याचा त्रास मला होईल. तेवढा तरी विचार कर.

लोभ नेहमीपेक्षा जास्त आहे. ये.

अरुणा

रहिमतपूर
२० मार्च २०२६

चि. सौ. अरुणास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर मी पहिले चार दिवस तुझ्यावर रागावलो, पुढचे चार गोजरावर. मग रागवायला घरात मीच उरलो.

दीड वर्षापूर्वीची कोजागरी. देवळाचा अॅम्प्लिफायर धर्मराज गुरवाने दुरुस्तीला आणला होता. मी तपासला आणि नीट आहे म्हणून परत दिला. भजनाला माइक लावला तर त्यातून अशी शिट्टी निघाली म्हणे की बायकांनी कानांवर हात ठेवले, पोरं रडायला लागली. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होतो. धर्मराजाने माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलं नाही.

नुसत्या बहिरेपणाला मी भ्यालो नसतो. आवाजावरून आजार ओळखणारा माणूस म्हणून हे गाव मला ओळखतं. तो गेला तर हौसेराव म्हणून काय उरतं, ते मला ठाऊक नाही. तुला खोटं लिहिलं ते त्यापायी.

एकोणतीसला गोजराला घेऊन येतो. अट एकच. माझ्याशी मोठ्याने बोलायचं नाही. समोर बसून सावकाश बोल, मला कळतं. आणि पार्थला सांग, मामाने त्याचे तीनही फोन वाजताना पाहिले होते.

अशा भावावर लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

हौसेरावदादा

रहिमतपूर
२६ एप्रिल २०२६

चि. सौ. अरुणास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या डब्यातल्या पुरणपोळ्या गोजराने अर्ध्या वाटेतच संपवल्या आणि नाव माझं घेतलं.

तपासणीच्या खोलीत काय झालं ते तुम्ही सगळे विचारत होतात आणि मी टाळत होतो. आता लिहितो. त्या मनाली नावाच्या मुलीने मला बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे ती यंत्रावर बोटं फिरवत होती. बोटं हलली की ती आवाज सोडते आहे हे मला दिसत होतं, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बोटं बघून बटण दाबायचा फार मोह झाला. अरू, चार वर्षं मी हेच करत आलो होतो. पण नाही दाबलं. मान खाली घालून बसलो आणि ऐकू आलं तेवढंच दाबलं.

मग तिने कागद पुढे ठेवला. ती समजावायला लागण्याआधीच मी वाचून मोकळा झालो होतो. खालच्या आवाजांना रेघ बरी होती, पुढे आडात दोर सोडल्यासारखी सरळ खाली. असे आलेख मी स्पीकरांचे जन्मभर पाहिले. मी तिला विचारलं, “हा दुरुस्त होणारा आहे, की भागवून घेण्यातला?” गिऱ्हाइकाला मी जसं सांगायचो तसंच तिने सांगितलं. भागवून घेण्यातला, पण चांगला भागेल.

यंत्रं कानात घातल्यावर पहिले दोन दिवस सगळं जग पत्र्याचं झालं होतं. तुझी बशी वाजली तरी अंगावर यायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे जाऊन नेमका कुठला सूर टोचतो ते आकड्यात सांगितलं. ती म्हणाली, यंत्र टोचतं म्हणून सगळेच येतात, पण आकडा सांगणारे तुम्ही पहिले. तिने तो तेवढाच खाली घेतला. दुसऱ्याच्या हाताने दुरुस्त व्हायला एवढं वाईट वाटत नाही, हे मला माहीत नव्हतं.

तुमच्या हॉलबद्दलही सांगून टाकतो. स्पीकर चांगले निघाले. आपण निवडला तो दुसरा, चिरका. पार्थने डावा-उजवा उलटा जोडला होता आणि तीन दिवस गाडी एकीकडून जात होती आणि तिचा आवाज दुसरीकडून. तुम्हा तिघांना पत्ता नव्हता. मी सोफ्यावर बसून पाच मिनिटांत ओळखलं, तेव्हा पार्थ माझ्याकडे बघत राहिला आणि तू उगाच स्वयंपाकघरात गेलीस. कशाला गेलीस तेही कळलं मला. नाक ओढलेलं ऐकू येतं आता. नंदकिशोररावांनी सिनेमा अख्खा पाहिला असा त्यांचा दावा आहे. मध्यंतरानंतर ते जे ऐकवत होते, ते मी दोन्ही कानांनी ऐकलं आहे.

इथे आल्यावर दुकान उघडून झाडून घेतलं. धर्मराज पायरीवर येऊन बसला, चहा पिऊन गेला. अॅम्प्लिफायरचं त्यानेही काढलं नाही, मीही नाही. जाताना म्हणाला, सोमवारी घेऊन येतो.

आणि एक गोष्ट, जी गोजराला सांगू नकोस. ती भाकरी थापताना गुणगुणते. कधीपासून, ते मी विचारलं नाही. आज सकाळी यंत्रं घालून ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो, तेव्हा कळलं. सूर धड लागत नाही, मध्येच पट्टी सोडते आणि दुसरीच धरते. मी पेपर तोंडासमोर धरला आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत पान उलटलं नाही.

सर्वांवर माया आहेच, तुमचीही राहू दे.

तुझा
हौसेरावदादा