फोनवरचा मुका शत्रू

४ मार्च
आजपासून युद्ध. घरचा फोन वाजतो, मी उचलतो, पलीकडून शब्द नाही. नुसता श्वास. मग खट्. आठवडाभर हेच चाललंय. फोन जुना, कुणाचा नंबर दाखवत नाही. आज ठणकावलं, कोण आहे? बोलायची हिंमत नसेल तर फोन ठेव! ठेवला. टरकतो मला.
बायको म्हणाली, अहो, जरा गोड बोलून बघा, बोलेलही बिचारा. हिला माणसांची पारख शून्य.

५ मार्च, सकाळ
संशयित सापडला. खालच्या मजल्यावरचा खाकरे. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण रोज सकाळी गॅलरीत उभा राहून तो घसा असा काही साफ करतो की माझा चहा गार होतो. मी त्याच्या घशाची लेखी तक्रार केली होती. त्याचाच हा सूड.
जिन्यात भेटला. हसला. निर्लज्ज!

६ मार्च
बाजारातून आलो तर बायको फोनवर हसत बोलत होती. मला बघून चटकन ठेवला. कोण होतं? तर म्हणे राँग नंबर. राँग नंबरशी इतकं काय खिदळायचं? भोळी आहे.

८ मार्च
मुलीचे दिवस भरत आलेत. ती दुसऱ्या गावात. बायकोने बॅग भरून दारापाशी ठेवली आहे, येता-जाता मला ठेच लागते. फोन आला की ही निघणार. बाळंतपणात मुलीजवळ आई हवी, एवढा एकच घोष.
घरात मोबाइल मी येऊ दिलेला नाही. मुलीला बजावलंय, बातमी घरच्या फोनवर आणि पहिली मला.
जावयाने फोन करायचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो माझ्या खुर्चीत बसला आणि मी आल्यावर उठलासुद्धा नाही. मी मनाचा मोठेपणा दाखवून काही बोललो नाही. तेव्हापासून काहीच बोललेलो नाही.

१० मार्च
लाइनमनला बोलावून फोनला डबी बसवली. त्यात जे नंबर भरले तेच लागणार, बाकी सगळ्यांना एंगेज टोन. मुलीचा मोबाइल भरला. प्लंबरचा भरला. आमचा स्वतःचा पण भरायला लावला, घरच्या नंबराला घरात मान नको? लाइनमन म्हणाला, काका, स्वतःचा कशाला? म्हटलं, भर.
बायको म्हणाली, जावयाचा पण भरा. म्हटलं, काही नडलेलं नाही.

११ मार्च
फोन दिवसभर गप्प. शत्रू साफ झोपला. बायको सारखा रिसीव्हर उचलून कानाला लावते, चालू आहे ना बघायला. सांगितलं, चालू आहे, फक्त शिस्तीत आहे.

१२ मार्च
विजय! बायको दात दाखवायला गेली होती. दुपारी बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर खाकरे! दार उघडलं नाही. बाहेरून ओरडत होता, अहो, तुमचा फोन का लागत नाही? म्हणजे गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल! मी रेडिओ मोठा केला. संध्याकाळी ही घरी यायच्या आत परत आला, परत रेडिओ.
बायकोला सांगितलं नाही. उगाच जाऊन त्याची बाजू घेईल.

१३ मार्च
सकाळी बायको दूध आणायला उतरली. जिन्यात खाकरेने सांगितलं. नात झाली. कालच.
मुलीचा मोबाइल बंद पडला, म्हणून जावई स्वतःच्या फोनवरून सकाळपासून इथे लावत होता. लागेना, तेव्हा खाकरेला केला. मुलीने अडीअडचणीला त्याचा नंबर घेऊन ठेवला होता म्हणे. मुलगी दवाखान्यात आत आईला हाका मारत होती.
बायको ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो. ती ओरडली नाही. बॅग उचलली आणि म्हणाली, तो मुका फोनवाला तुमचा जावईच होता. चौकशी करायला फोन करायचा. तुम्ही उचललात की त्याची वाचाच बसायची.
खाकरेने तिला गाडीत बसवून नेलं. मागची सीट रिकामी होती. चला, असं कुणी म्हणालं नाही. मी पण म्हटलं नाही. घर कुणीतरी सांभाळायला हवं.

१४ मार्च
डबी उपटून काढली. फोन वाजत नाही.
खाकरेच्या बायकोकडून दवाखान्यातल्या खोलीचा नंबर घेतला. मान वर केली नाही. काय बोलायचं ते ठरवलं. अभिनंदन, आणि मुलगी कशी आहे. आवाज नरम.
फोन लावला. जावई हॅलो म्हणाला. मागे नात रडत होती, एवढासा आवाज. ठरवलेलं विसरलो. ठेवला.
पाणी पिऊन परत लावला. हॅलो, हॅलो. ठेवला.
परत लावला. जावई खेकसला, कोण आहे? बोलायची हिंमत नसेल तर फोन ठेव!
ठेवला.