धूमकेतूची धूळ

बाबा, आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. ओटा दोनदा पुसून झाला, तरी पुन्हा फडकं हातात आहेच.

शहाऐंशी साली पहिल्या बाळंतपणाला मी तुमच्याकडे आले होते. पोटुशीनं शेपटीचा तारा बघू नये म्हणून आईनं माझ्या खोलीला बाहेरून कडी लावली होती. तुम्ही पहाटे ती हळूच काढलीत आणि मला नानाखेड्याला नेलंत. तेव्हा तिथे नुसती शेतं. शाळेतून आणलेली दुर्बीण तुम्ही माझ्या डोळ्यांशी धरता, गणिताचे मास्तर, पण नवरदेवासारखे खुशीत. मला दिसतो कापसाचा पुसट बोळा. बस, इतकाच? मी विचारते. तुम्ही हसता आणि म्हणता, शहात्तर वर्षांनी तुझं बाळ म्हातारं होऊन हाच बघेल.

पंधरा दिवसांनी बाळ पोटातच गेलं. तुम्ही थर्मासमध्ये चहा घेऊन दवाखान्यात आलात आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हीच दाखवलात मला." तुम्ही थर्मास ठेवून बाहेर गेलात. दुर्बीण शाळेत परत गेली. मरेपर्यंत तुम्ही माझ्यासमोर पुन्हा आभाळाचा विषय काढला नाहीत, आणि मीही ते शब्द मागे घेतले नाहीत.

हे गेल्यावर दिवस सरेना, म्हणून फ्रीगंजमधल्या वाचनालयातून पुस्तकं आणू लागले. त्यातून कळलं, तो तारा नेपच्यूनच्याही पलीकडे जाऊन दोनेक वर्षांपूर्वी वळला, आता परत निघालाय. त्याची वाट ठरलेली. त्या वाटेत मी कुठेच नव्हते, बाळ नव्हतं, तुमची चूक तर नव्हतीच. त्यानं मागे टाकलेल्या धुळीतून पृथ्वी दर मे महिन्यात जाते, तेव्हा पहाटे तारे तुटताना दिसतात. हे सगळं मीच मोठ्या हौशीनं सुनेला सांगितलं. तिला पाचवा महिना लागलाय.

आज पहाटे ती गजर लावून उठली. "आई, छतावर चला ना. तुमच्या ताऱ्याची धूळ बघू."

मी खिडकीचा पडदा जरासा सरकवला. वाचलेलं सगळं डोक्यात होतं, बाबा, एकूण एक. तिला म्हटलं, "ढग आलेत गं. झोप जा."

किस्मतच खराब, असं पुटपुटत ती बिचारी आत गेली.

हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आभाळ साफ होतं.