पत्र मिळाले, आभारी आहोत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. आमचं ऑफिस जगभरच्या सरकारांना विचारतं की बाबांनो, माणसांना माणसासारखं वागवू असा करार सही करून केलात, त्याचं पुढे काय झालं? विचारायला पूर्वी आम्ही सहा जण होतो. दोघं रिटायर झाले, दोघांची बदली, एकीने कंटाळून राजीनामा दिला. नवी भरती बंद. उरलो मी. म्हणजे सेक्शन आता समर्थ हातात आहे.

४ मार्च
एक सरकार महाआडमुठं. नऊ वर्षं सुनावणीला फिरकलेलं नाही. प्रत्येक पत्राला एकच ओळ: पत्र मिळाले, आभारी आहोत. मी अहवालात लिहितो, ‘संवाद सकारात्मक’. यांच्या सुनावणीचा दिवस म्हणजे आमच्याकडे दातांचा दिवस. कोणी येणार नाही हे ठाऊक, त्यामुळे सगळे डेंटिस्ट उरकून घेतात. गेल्या खेपेला माझं रूट कॅनाल झालं.
संकल्प: यंदा कडक पत्र.

६ मार्च
त्या आडमुठ्या सरकारच्या देशातली एक बाई आली होती. तिच्या भावाला खटल्याशिवाय उचललं, तेव्हापासून पत्ता नाही. दर सुनावणीला येते, समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसते, जाते. म्हणालो, यंदा तुमच्या भावाचा प्रश्न पहिला. म्हणाली, दर वेळी पहिलाच असतो. फक्त तो जिवंत आहे का, एवढं विचारा. पहिलं वाक्य टोमणा असावा. मी मनाला लावून घेत नाही.

११ मार्च
पत्र गेलं. ‘तीव्र चिंता’ खोडून ‘अतितीव्र चिंता’ केलं. त्यात दोन दिवस गेले, पण शब्द बसला! हिला वाचून दाखवलं. ही शाळेत शिकवते. म्हणाली, चिठ्ठीने पालकसुद्धा येत नाहीत, फोन करावा लागतो. शाळा आणि आंतरराष्ट्रीय कायदा यातला फरक तिला समजावून सांगितला. अर्ध्यात उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

२० मार्च
येताहेत! त्या सरकारचे चौदा जण! ‘अतितीव्र’ लागू पडलं!
डायरेक्टर बाईंनी विचारलं, मदतीला दुसऱ्या सेक्शनमधलं कोणी देऊ का. छे! एकहाती किल्ला लढवणार.

२१ मार्च
तयारीचा चार्ट करायला घेतला. चार रंगांत. पिवळा पेन संपलेला. स्टोअरला टाळं, तिथेही माणूस नाही. दिवस त्यात गेला. माणसं नसली की असं होतं.

२४ मार्च
त्यांची भाषा येणाऱ्या दुभाषी आता एकच उरल्या आहेत. मेल केली. मिनिटात उत्तर! ‘आपली मेल मिळाली, आभारी आहे.’ खाली आणखी काही होतं, पण मुद्दा कळला. चार्टवर हिरवा ठिपका. याला म्हणतात सहकार्य!
ही म्हणाली, तरी एक फोन कर. काय हा अविश्वास.

३ एप्रिल, सकाळी
नवा टाय. चार्टवर सगळे ठिपके हिरवे. आज इतिहास.

३ एप्रिल, दुपारी
चौदाच्या चौदा आले. बाई पहिल्या रांगेत. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी तिच्या भावाचा प्रश्न वाचला. पाहुण्यांच्या हेडफोनमध्ये आवाजच नाही. पाहतो तर दुभाष्याची काचेची खोली रिकामी.
फोन केला. बाईसाहेब दोन आठवड्यांची रजा टाकून सगळेच दात दुरुस्त करायला बसलेल्या. तोंडात कापूस. एवढंच कळलं की मेल खालपर्यंत वाचायची होती. खाली लिहिलं होतं, ‘मी चार एप्रिलपर्यंत रजेवर आहे.’ उत्तर मशीनने धाडलेलं.
भावासाठी आलेली ती बाई उठली. म्हणाली, मी विचारते त्यांना, एकच तर वाक्य आहे. नियमात बसत नाही, तक्रारदाराला भाषांतर करता येत नाही. हे तिला मीच सांगितलं. चौदा जण तोंडभर हसले, हॉलमध्ये ग्रुप फोटो काढला आणि निघाले.
 

४ एप्रिल
त्यांचं पत्र. आम्ही पूर्ण सहकार्य केले. समितीच्या असहकार्याबद्दल अतितीव्र चिंता वाटते. शब्द माझाच ढापला! पुढची तारीख दोन वर्षांनी.
संध्याकाळी ती बाई आली. भांडली असती तर उत्तरं तयार होती. माणसं नाहीत, भरती बंद, वगैरे. तिने नवा अर्ज पुढे ठेवला. मी म्हणालो, जातीने लक्ष घालतो. म्हणाली, ते तुमचं चालू दे, पण पत्र मिळाले, आभारी आहोत, एवढं आत्ता लिहून द्या. घरी आई विचारते, तिला दर वेळी तेच दाखवते.
फार लाज वाटली. लिहून दिलं.