तीन दुकानं आणि माझा एक शेरा

४ नोव्हेंबर, मंगळवार
नाईक मॅडमचा फोन. तारापूर एमआयडीसीत कापडाच्या कंपनीत मी चेकर होते तेव्हा त्या सुपरवायझर. कंपनी बंद पडल्यावर मुंबईत कुठल्याशा एजन्सीत लागल्या. काम विचित्र आहे. ‘चांदणवेल’ नावाची कपड्यांची उंची दुकानं, तिन्ही मुंबईत. गिऱ्हाईक म्हणून जायचं, घ्यायचं काही नाही, घरी येऊन फॉर्म भरायचा. कोण कसं वागलं, कुठलं दुकान सरस. कुणाला कळता कामा नये.
विनायक म्हणाला, हेरगिरीच की ही. सेकंड शिफ्टला निघाला होता, म्हणून नवऱ्याशी भांडण टळलं.
आठ महिने इथे बोईसरला घरी बसलेय. हो म्हटलं.

६ नोव्हें., गुरु.
वांद्रे. दुकानातल्या मुलीने काचेचं दार उघडलं, हसली, पाणी दिलं. मग पाठीला लागली ती सुटलीच नाही. मी कुर्त्याला हात लावला की ती लगेच घडी नीट करायची. बॅग काउंटरवर ठेवा म्हणाली. शेजारच्या बाईची एवढी मोठी बॅग खांद्यावरच होती. माझ्या चपलांकडे दोनदा पाहिलं.
फॉर्म भरला. पाणी विचारलं का? हो. विक्रेती सतत सोबत होती का? हो. जवळजवळ सगळंच हो. चोर समजून मागे फिरली, याला रकानाच नाही. वैताग.

७ नोव्हें., शुक्र.
लोअर परळ, मॉलमधलं. तिथे ढुंकून कुणी पाहिलं नाही. दोघी विक्रेत्या आपसात मोबाइल बघत होत्या. निघताना मात्र एकीने मेंबरशिप कार्डासाठी नंबर मागितला. नाही दिला तर तोंड वाकडं. वांद्र्याला पाहिलेला निळा कुर्ता इथेही होता, बगलेत दोन टाके सुटलेले. लेबल तेच, भाव तोच. चेकरचे डोळे, काय करणार.

१० नोव्हें., सोम.
काळा घोडा. इथली विक्रेती हेमा, पंचेचाळिशीची असेल. मी तोच निळा कुर्ता उलटा करून शिवण बघत होते. तिने विचारलं, कापडात काम करता का? बोईसरकडे चेकर होते म्हटलं. (सांगायचं नव्हतं.) तिने स्टूल दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, हा नका घेऊ. रंग सुटतो. दोघीजणी परत घेऊन आल्यात.”
दुसरं काही गळ्यात मारलं नाही. पाणी विसरली, कार्डाचं काढलंच नाही. तिची भावजय पालघरला असते, तिला काम हवंय. आमच्याकडची एखादी कंपनी भरती करत असली तर कळवा म्हणून नंबर दिला.
फॉर्ममध्ये निम्मं ‘नाही’. जीव तुटत होता. शेवटी शेऱ्याची चौकट दिसली. तिथे लिहिलं: हेमाताई खरं सांगतात. निळ्याचा रंग जातो हे त्यांनी आपणहून सांगितलं. तिन्हींत हेच दुकान सरस.
पाठवला. बरं वाटलं.

१८ नोव्हें., मंगळ.
नाईक मॅडम खूश. रिपोर्ट मालकांना आवडला. वांद्र्याच्या मुलीला बढती देऊन काळ्या घोड्याला पाठवतायत. आणि हेमाला काढलं.
का, म्हटलं.
“तुझ्या शेऱ्यामुळेच. आपल्याच मालाला नावं ठेवते, हे लेखी मिळालं त्यांना.”
मी म्हटलं, मी कौतुक केलं होतं. मॅडम म्हणाल्या, अगं, वाचणारे मालक असतात, चेकर नसतात.
भात करपला. विनायकला काही बोलले नाही.

१९ नोव्हें.
मॅडमना मेल लिहिला. चार वेळा खोडून. रंग खरंच जात असेल तर बाईची चूक काय? उत्तर नाही. फोन उचलत नाहीत.

२२ नोव्हें., शनि.
मुरब्याला आईकडे. तीस वर्षं तिने मासळी विकली. बोंबील वाळत घालत होती. सगळं सांगितलं. तिला फॉर्मचं काही कळेना.
“ताजी नाय तर ताजी नाय म्हनून आमी सांगतो. तेच गिराईक दुसऱ्या दिशी परत येतं. तुज्या शेठला धंदा कळलाच नाय.”
मग थोड्या वेळाने विचारलं, त्या बाईला तू सांगितलंस काय? मी बोंबील उलटायला लागले.

२४ नोव्हें., सोम.
हेमाला फोन केला. सांगायचं ठरवूनच. तिने आवाज लगेच ओळखला, शिवण बघणाऱ्या ताई ना? हसत होती. म्हणाली, नोकरी गेली. कुणा गिऱ्हाइकाने लेखी तक्रार केली.
“रोज एकेकीचा चेहरा आठवते. कोण असेल हो? तुम्ही तेवढ्या नसणार, तुम्ही कापडातल्या.”
तिने विचारलं, बोईसरला माझ्यासारखीला काही मिळेल? गुरुवारी येऊ का? ये म्हटलं. नाव-पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. शी.

२६ नोव्हें., बुध.
मॅडमचा मेसेज, एवढ्या दिवसांनी. पुढच्या महिन्यात परत तीच तीन दुकानं, करशील ना? माझ्या मेलबद्दल अवाक्षर नाही. उत्तर दिलं नाही. ‘नाही’ असंही लिहिलं नाही.
विनायकला शेवटी सगळं सांगितलं. तो म्हणतो, तिला कुठेतरी चिकटवून दे, मग सांगायची गरजच काय. त्याच्या ओळखीत एका कंपनीला पॅकिंगला बायका हव्यात. उभं राहून आठ तास. दुकानातली बाई ती.

२७ नोव्हें., गुरु.
विनायक फर्स्ट शिफ्टला गेलाय. बरंच झालं. पोहे भिजवले. पॅकिंगवाल्याचा नंबर कागदावर लिहून ठेवला. फॉर्मची प्रिंट काढलेली, ती त्या कागदाखाली ठेवली, मग कपाटात. मग पुन्हा बाहेर. आधी पोहे, की आधी ते? खाऊन झाल्यावर सांगितलं तर घास परत थोडाच काढता येतो.
सव्वाअकरा. खाली कुणीतरी वॉचमनला माझं नाव विचारतंय.