सारजाला बोलतं करण्याचा कार्यक्रम

२ फेब्रुवारी १९९६
सारजाला आज दवाखान्यातून कोऱ्हाळ्याला घरी आणलं. पॅरालिसिस. उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द जुळत नाहीत, धीर धरा. नवरा रिटायर हेडमास्तर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. तालुक्यातली ढ पोरं मी बोलती केलीत. संकल्प: चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, सारजा मिरवणुकीत चालेल आणि स्वतःच्या तोंडानं 'जय भीम' म्हणेल.

४ फेब्रुवारी, पहाटे
टाइमटेबल भिंतीवर लावलं. पाचला उठणे, व्यायाम, मग बाराखडी. सारजाला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटले. चिंतन करत असावी.

७ फेब्रुवारी
स्वयंपाकही मीच करणार. समानता घरापासून हवी. पहिली भाकरी तव्यावर जायच्या आतच फाटली. शेजारच्या प्रयागबाई डोकावून म्हणाल्या, "गुरुजी, भाकरी थापायची असती, बडवायची न्हाय." मग आमटी-भाकरी पाठवली. तत्त्व म्हणून परत करणार होतो. सारजा उपाशी राहू नये म्हणून खाल्ली. तिनंही थोडी खाल्ली.

१९ फेब्रुवारी
अजून 'क'वरच अडलोय. कमळातला क, कपातला क. सारजा ओठ हलवते, आणि नेमकं तेव्हाच मला नवीन उदाहरण सुचतं. शेवटी तिनं भिंतीकडे तोंड केलं. आळस, दुसरं काय.

५ मार्च
एस.टी.नं बारामतीला, व्यायाम शिकवणाऱ्या मेघना मॅडमकडे. कालची पोरगी. सारजाला विचारलं, पाय दुखतो का? मी सांगितलं, दुखतो. झोप लागते का? सांगितलं, लागते. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, मी काकूंना विचारतेय. तुम्ही बाहेर बसा." बसलो. अनुभवाची कदर राहिली नाही.

२२ मार्च
दुपारी वाचनालयातून आलो, तर स्वयंपाकघरात गाणं. प्रयागबाई ओवी म्हणत होत्या. आणि दुसरा आवाज सारजाचा! तुटके, पण शब्द. धावत आत गेलो. म्हटलं शाब्बास, आता 'क' म्हण. गाणं बंद. प्रयागबाई म्हणाल्या, "गाण्यात येतंय त्यांना. तुमी जरा भाईर जावा की." दाराआड उभा राहून ऐकलं. गोड गाते. इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं. लपवून ठेवलं असणार.
निष्कर्ष: माझ्या बाराखडीचा गुण येऊ लागला.

१५ एप्रिल
काल जयंती जोरात. सारजा प्रयागबाईंच्या खांद्याला धरून मिरवणुकीत कोपऱ्यापर्यंत चालली म्हणे. 'जय भीम' म्हणाली की नाही, कळलं नाही. मी स्टेजवर होतो. भाषणाचा विषय: 'स्त्रियांना बोलू द्या'. फार रंगलं. लोक विचारमग्न होऊन उठून जात होते. मंडपवाल्यानं माइक काढून नेला, तरी तसंच ओरडून पूर्ण केलं. आज घशातून हवा फक्त.

१७ एप्रिल
आवाज पार गेला. खुणेनं चहा मागितला. प्रयागबाईंनी तपकीर आणून दिली. तेवढ्यात सारजा म्हणाली, "च्या... पायजे?" शाब्बास म्हणायला तोंड उघडलं, काही निघेना. म्हणून ती पुढं बोलली. "बसा." मग बऱ्याच वेळानं, एकेक शब्द शोधत, "दवाखान्यात... लई... भ्याले." ऐकत राहिलो. दुसरा इलाज नव्हता. हे तिनं आधीच का सांगितलं नाही?

२० एप्रिल
बारामती. डॉक्टरांनी घसा बघितला. आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. सारजा बोलू लागली म्हणून मेघना मॅडम खूश. हसत तिला म्हणाल्या, "काकू, गुरुजींचा आवाज लवकर यायला हवा ना?"
सारजानं माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. मग म्हणाली, "घाई... न्हाय."
मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मला म्हणाल्या, बघा, किती स्पष्ट!
मी मान डोलावली.